नांगर, बांगडी आणि अंगठा



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक हिशेबासाठी बसली आणि अंगठ्यावर येऊन थांबली. कारण झाल्या गटातल्या मावशी. साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. पेन्शनचे पैसे काढायला त्या नेहमीच्या ठिकाणी गेल्या. तिथल्या मुलाने छोटं मशीन पुढे केलं. मावशींनी अंगठा लावला. "उठला नाही मावशी, पदराला पुसून परत लावा." परत लावला. "आज सर्व्हर नाही, परवा या." मावशी हात हलवत घरी आल्या. आठ दिवसांनी पासबुक भरून आणलं, तर त्याच दिवशी खात्यातून दोनदा पैसे गेलेले. एकदा दीड हजार आणि एकदा हजार.

आम्ही गटागटांत जाऊन काय सांगतो? ओटीपी कुणाला देऊ नका, अनोळखी लिंक दाबू नका, लॉटरी लागली म्हणून फोन आला तर ठेवून द्या. मावशींनी यातलं काहीच केलं नव्हतं. त्यांच्याकडे साधा बटणाचाही फोन नाही. इंटरनेट त्यांना माहीत नाही, तरी पैसे गेले ते इंटरनेटवरूनच. बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या, "माझा अंगठा माझ्यापाशीच हाये, मग पैसे गेले कसे?" त्यावर दुसरी एक म्हणाली, "ही अंगठ्याची भानगड काढली तरी कुणी?"

दोन्ही प्रश्नांना आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, जाणत्यांना विचारलं. उत्तर बरंच मागे जातं, म्हणून आजचं बोलणं थोडं इतिहासाचं आहे.

पूर्वी आपल्या मुलखात कागदावर अंगठा नव्हता. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या कामाची खूण काढायचा. शेतकऱ्याची निशाणी नांगर. बलुतेदारांमध्ये ज्याचं जे हत्यार, तीच त्याची सही. आणि बाईची निशाणी बांगडी. कागदावर एक वाटोळं काढलं की झाली बाईची सही. आता गावातल्या सगळ्या बायकांची खूण बांगडीच असेल, तर हे वाटोळं कुणाचं ते ओळखायचं कसं? नांगराचंही तसंच. पुष्कळदा तर ज्याने कागद लिहिला तोच नांगरही काढून मोकळा व्हायचा.

तरी व्यवहार चालत होता. कारण भरवसा खुणेवर नव्हता, खुणेभोवती बसलेल्या माणसांवर होता. वतनाचा तंटा असो नाहीतर वाटणी, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे लोक बसायचे आणि कागदावर साक्षीदारांची नावं यायची. उद्या कुणी "हा नांगर माझा नाही" म्हणाला, तर "आमच्यासमोर काढलास की" असं सांगायला दहा तोंडं होती. ती गावसभा फार न्यायाची होती असं आम्हाला म्हणायचं नाही. तिथे बाईचं आणि खालच्या मानलेल्या जातींचं किती चालायचं ते आपल्याला ठाऊक आहे. पण कागद एकटा नव्हता, एवढं खरं.

इंग्रजांची कोर्टं आली आणि कागद एकटा पडला. कोर्टाने बघायचं ते खत. खतावर निशाणी आहे ना? मग हुकूमनामा. शेतकरी तारखेला गेला नाही तरी निकाल लागायचा. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला, की कर्जरोख्यावर तीन वर्षांतच दावा करता येईल. हेतू असा की व्याज साचून डोंगर होऊ नये. सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी जुनं व्याज मुद्दलात घालायचं आणि नवं खत लिहून घ्यायचं. कुळाला आत काय लिहिलंय ते कळत नसे. निशाणी काढ म्हटलं की तो काढायचा, कारण बी-बियाण्याला पुन्हा त्याच दारात जायचं असे.

मग १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. सुपे बाजाराचं गाव, सावकार-दुकानदारांची मोठी वस्ती. शेतकऱ्यांनी मागितलं काय? वह्या आणि रोखे. हाती लागलेल्या कागदांची होळी केली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आग लागली, पण मुख्य रोख कागदांवर होता. हे लोण नगर जिल्ह्यात पसरलं. शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळींत येतं ते हेच. आम्हीही ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. यात माणसांच्या आधी कागद का जाळले, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. ज्या कागदावर आपली निशाणी आहे पण आपल्याला तो वाचता येत नाही, त्या कागदाची भीती किती असेल!

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या बचावाचा कायदा आला. त्यात गावनिबंधक नेमले गेले. शेतकऱ्याने करून दिलेलं खत निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली झालेलं असलं तरच कोर्टात चालणार. म्हणजे कागदाच्या बाजूला पुन्हा एक माणूस उभा करावा लागला. त्याने सावकारी थांबली नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, त्यात अडाणी शेतकरी कचेरीत आणि कोर्टात कसा नाडला जातो ते चांगलंच फोडून सांगितलं आहे.

इथवर अंगठा आलेला नाही. तो आला बंगालातून. मुर्शिदाबाद जिल्ह्यात जंगीपूर नावाचं ठिकाण आहे. तिथे विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी होता. १८५७ चा उठाव नुकताच झालेला, लोक आपल्या शब्दाला जागतील असा इंग्रजांना भरवसा राहिला नव्हता. २८ जुलै १८५८ ला हर्शेलने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या सामानाचा करार केला. कोनाई सही करायला गेला तेवढ्यात साहेबाच्या मनात काही आलं. कचेरीच्या शिक्क्याची शाई त्याने कोनाईच्या तळहाताला फासली आणि अख्खा पंजा कराराच्या पाठीवर उमटवून घेतला. पुढे म्हातारपणी हर्शेलने स्वतः लिहून ठेवलं, की कोनाईने उद्या सही नाकारू नये म्हणून त्याला धाक घालायचा, एवढाच तेव्हा विचार होता. बोटांच्या रेषा माणसागणिक वेगळ्या असतात, हे शास्त्र त्याला नंतर कळत गेलं. त्या दिवशी होती ती फक्त भीती. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८७७ साली हर्शेल हुगळीचा मॅजिस्ट्रेट झाला आणि त्याने ठशांची पद्धत तीन ठिकाणी लावली. दस्त नोंदणीत, तुरुंगात आणि, हे वाचून आम्ही थबकलो, पेन्शनीत. पेन्शनर मेला तरी त्याच्या नावाने दुसराच कुणी पैसे उचलतो, हे थांबवायचं होतं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी अंगठा आला तो पेन्शनीतली चोरी थांबवायला. आणि आमच्या मावशींची पेन्शन गेली ती अंगठ्यामुळे.

नंतरचं थोडक्यात सांगतो. लाखो ठसे जमले तर त्यातून एक शोधायचा कसा, ही अडचण होती. ती सोडवली कलकत्त्याच्या पोलीस खात्यातल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन आपल्या माणसांनी. त्यांचे वरिष्ठ होते एडवर्ड हेन्री. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, जगातलं असं पहिलंच. पण पद्धतीला नाव पडलं 'हेन्री पद्धत'. काम करणारी एक आणि फोटोत पुढे उभी राहणारी दुसरी, हे फक्त आपल्या गटांतच होतं असं नाही. १८९८ मध्ये जलपायगुडीच्या एका खटल्यात चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनानंतर तिथल्या पंचांगावर रक्ताळलेल्या बोटाचा ठसा मिळाला आणि तो एका जुन्या नोकराचा निघाला. कोर्टाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची नाही. ठसा होता म्हणजे तो माणूस तिथे होता एवढंच सिद्ध होतं, त्याने काय केलं ते ठसा सांगत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशाला हे कळलं होतं. मावशींच्या तक्रारीवर मात्र आम्हाला उत्तर मिळालं, "अंगठा त्यांचाच आहे, म्हणजे पैसे त्यांनीच घेतले."

अंगठा पोलिसांकडून आणि कचेरीतून गावात आला आणि हळूहळू तो अडाणीपणाची खूण झाला. 'अंगठाछाप', 'अंगठेबहाद्दर' हे शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेत, काहींनी स्वतःसाठी ऐकलेत. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होतं. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. दिवसभर रानात राबलेली माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली. पुढे ती राज्यभर गेली. नंतर बचत गट आले. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गट बँकांना जोडण्याचा पहिला प्रयोग केला. तिथून आजपर्यंत बहुतेक गटांत एक रीत दिसते: बचत शंभराची असो की पन्नासाची, आधी बाईला सही शिकवायची. आमच्या भागात एका आजींना नावातला जोडाक्षराचा तुकडा जमेना, तर त्यांनी चूल सारवताना ओल्या मातीवर बोटाने गिरवून तो बसवला. बँकेत पहिली सही केली तेव्हा त्यांनी मॅनेजरला कागद परत मागितला, घरी दाखवायला. शाईचं पॅड गटाच्या पेटीत खाली गेलं, ते परत वर येणार नाही असं आम्हाला वाटलं होतं.

ते वर आलं, फक्त शाई गेली.

२९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तेही एका बाईला. बारा आकडे, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आणि फोटो. आधारने गरीब माणसाला ओळख दिली, हे आम्ही नाकारत नाही. ज्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर धड नव्हतं, कुठे माहेरचं, कुठे सासरचं, कुठे नुसतं 'अमक्याची बायको', तिला स्वतःच्या नावाचा एक कागद मिळाला. आणि आधारवर पैसे काढायची सोय झाली तेव्हा तालुक्याच्या बँकेत जाऊन रोज बुडवायची पाळी टळली. गावातच बँक मित्र किंवा बँक सखी आली. हे फायदे आम्ही डोळ्यांनी पाहिलेत.

पण ही सोय चालते कशी ते समजून घ्या. बँक मित्राच्या मशीनमध्ये तीन गोष्टी लागतात: तुमच्या बँकेचं नाव, तुमचा आधार क्रमांक आणि तुमचं बोट. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. मशीन ठसा पाठवतं, पलीकडून 'जुळला' किंवा 'जुळला नाही' एवढं येतं. जुळला की खात्यातून पैसे वजा. रोख रक्कम तुमच्या हातात पडली की नाही, हे त्या यंत्रणेला दिसत नाही. ते फक्त समोरच्या माणसाला माहीत आणि तुम्हाला. तिथे साक्षीदार कुणी नाही. मशीनमधून पावती निघते, पण मावशींना ती कधी कुणी दिली नाही आणि त्यांनीही मागितली नाही, कारण वाचता येत नाही तर घेऊन काय करायची.

मावशींच्या हातांचंही बोललं पाहिजे. ऊस खांडून, भांडी घासून, खडी वाहून बायकांच्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशनच्या मशीनवर पाच पाच वेळा अंगठा लावावा लागतो, हे तुमच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. त्यामुळे कुणी "परत लावा" म्हटलं तर आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. चोराला नेमकी हीच सवय उपयोगी पडते. पहिला अंगठा लागलेला असतो, दुसराही लागतो.

आता मावशींचा प्रश्न, अंगठा आपल्यापाशी असताना दुसऱ्याला तो वापरता येतो का? येतो. जमिनीच्या दस्तावर आपण अंगठ्याचे ठसे देतो. २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी कायद्यात फोटो आणि ठसे लावणं आलंच. तेलंगणात असे दस्त संकेतस्थळावर कुणालाही बघता येत होते. २०१८ साली तिथे एका सिमकार्ड विक्रेत्याने त्या दस्तांवरचे ठसे उतरवून रबरी शिक्क्यासारखी खोटी बोटं बनवली आणि त्यांवर हजारो सिमकार्डं चालू केली. का, तर कंपनीने दिलेला विक्रीचा आकडा गाठायचा होता. पुढे तीच युक्ती वेगवेगळ्या राज्यांत बँक खात्यांवर चालली. २०२३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अशा तक्रारी इतक्या आल्या, की कोलकाता पोलिसांनी लोकांना आधारवरचे ठसे कुलूपबंद करून ठेवा असं आवाहन केलं. जिथे ठशांचं पहिलं कार्यालय निघालं, त्याच शहरात. त्याच वर्षी आधारच्या यंत्रणेने बोट जिवंत आहे की नुसता साचा, हे तपासणारी नवी पद्धत लावली. त्याने फरक पडतो. पण मावशींचं बोट जिवंतच होतं.

नांगर आणि अंगठा यात फरक इथे येतो. नांगर कुणीही काढू शकतो, म्हणून त्यावर एकट्यावर कुणी विसंबत नव्हतं. पिन फुटला तर दुसरा करता येतो, सही बदलता येते. अंगठ्याचा साचा एकदा चोराकडे गेला तर नवा अंगठा कुठून आणायचा?

न्यायालयातही हा प्रश्न गेला. कर्नाटकातले एक निवृत्त न्यायमूर्ती, के. एस. पुट्टस्वामी, ऐंशी ओलांडलेले, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. गावात हा शब्द जरा परका वाटतो. सून मोबाइलवर काय बघते ते सासूने बघायचं, सासूच्या पासबुकात किती आहेत ते मुलाने बघायचं, अशी आपल्याकडे रीत. पण माझं शरीर, माझे ठसे, माझी माहिती यावर आधी माझा अधिकार, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. २६ सप्टेंबर २०१८ च्या दुसऱ्या निकालात आधार कायम राहिलं, रेशन आणि सरकारी लाभांसाठी ते मागता येतं, पण सिमकार्डासाठी किंवा बँक खात्यासाठी ते सक्तीचं करता येणार नाही असं ठरलं. पुढच्या वर्षी कायद्यात बदल झाला आणि 'स्वखुशीने' आधार देता येतं असं आलं. ही स्वखुशी म्हणजे काय, ते मोबाइलच्या दुकानात गेलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

इथे आम्हाला आमचीही चूक सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका योजनेचे अर्ज भरायची घाई होती. शेवटची तारीख जवळ, सेतू केंद्रावर रांग. आम्ही वेळ वाचावा म्हणून सगळ्या सदस्यांच्या आधारचे आणि पासबुकांचे फोटो व्हॉट्सअॅपच्या गटावर मागवले. त्या व्हॉट्सअॅप गटात दीडशेच्या आसपास माणसं होती. सदस्या होत्या, त्यांचे नवरे होते, खतांचा दुकानदार होता, कुठल्या तरी मेळाव्यात जोडलेली, आम्हाला आज ओळखूही न येणारी माणसं होती. आधार क्रमांक, बँकेचं नाव, खाते क्रमांक, जन्मतारीख, सगळं दीडशे फोनांत गेलं. मशीनला लागणाऱ्या तीन गोष्टींपैकी दोन आम्हीच वाटून टाकल्या. नंतर आम्ही ते पुसलं, पण ज्याच्या फोनमध्ये फोटो उतरला त्याच्या फोनमधून तो जात नाही. मावशींचंही आधार त्यात होतं. मावशींचे पैसे त्यामुळे गेले असं नाही, पण ते आठवून आम्हाला बैठकीत मान वर करता येईना.

झेरॉक्सच्या दुकानाचंही तेच. आपण आधार दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवतो, तो छापून देतो, फाइल त्याच्या संगणकात राहते. खराब निघालेली प्रत तिथेच टोपलीत पडते, आणि पुढे तिच्यात कुणीतरी भजी बांधून देतो. हे आम्ही पाहिलंय, भजी खाताना. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या एका कार्यालयाने झेरॉक्स देताना जपा, फक्त शेवटचे चार आकडे दिसतील अशी प्रत द्या, असं पत्रक काढलं होतं. लोक घाबरतील म्हणून दोन दिवसांत ते मागे घेतलं. पत्रक गेलं, तरी ती प्रत आजही मिळते. आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ आकडे झाकलेलं आधार उतरवून घेता येतं. आता आम्ही जिथे चालेल तिथे तीच देतो, आणि झेरॉक्सवर पेनाने 'अमुक कामासाठी' आणि तारीख लिहून, आडवी सही मारतो.

ठशांना कुलूप लावायची सोय आधारच्या ॲपमध्ये आणि संकेतस्थळावर आहे. मात्र कुलूप लावलं की रेशनच्या मशीनवरही अंगठा चालणार नाही, त्याआधी ते तात्पुरतं उघडावं लागतं. ज्या घरात हे करून देणारं कुणी विश्वासाचं आहे त्यांनीच करावं, नाहीतर बाई रेशनच्या दुकानातून रिकामी परत यायची. आणि त्याला आधारशी जोडलेला मोबाइल नंबर हातात लागतो. आमची गाडी तिथेच अडली. मावशींच्या आधारला आणि खात्याला नंबर होता त्यांच्या पुण्याला असलेल्या मुलाचा, तोही जुना, मुलाने कधीच टाकून दिलेला. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. म्हणजे मावशींच्या पैशाचे मेसेज आज कुणा परक्याच्या फोनवर जात असतील. मग आम्ही तीन गटांत विचारून पाहिलं, तुमच्या खात्याला कुणाचा नंबर आहे? कुणी दिराचा सांगितला, कुणी अर्ज भरून देणाऱ्याचा, आणि बऱ्याच जणींनी "बघावं लागेल" म्हणून सांगितलं. या आठवड्यात एवढं एक बघाच. नंबर आपला किंवा रोज भेटणाऱ्या भरवशाच्या माणसाचा असावा.

फोनवरच्या फसवणुकीचं वेगळं बोलणं पुढे कधी करू, पण एक प्रकार इथेच सांगतो. व्हिडिओ कॉल येतो, समोर पोलिसाच्या वेशातला माणूस, मागे भिंतीवर चिन्ह लावलेलं. तुमच्या आधारवर कुणी बेकायदा सामान पाठवलंय, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, पैसे भरा. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. शेजारच्या तालुक्यातल्या शिकलेल्या, पगारदार ताई दोन तास अशा कॉलवर बसून होत्या. त्यांच्या आधारचे सगळे आकडे समोरच्याने बरोबर सांगितले म्हणून त्यांना ते खरं वाटलं. हर्शेलने कोनाईच्या हाताला शाई फासली ती धाकासाठीच, त्यातली ही नवी आवृत्ती आहे. तुमचा आधार क्रमांक कुणाला माहीत असणं हे तो सरकारी माणूस असल्याचं लक्षण नाही. तो भज्याच्या कागदावरही मिळतो.

पैसे गेलेच तर १९३० हा नंबर लावा, तोही लगेच. चोरीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उड्या मारत जातात. १९३० वर नोंद झाली की बँकांना कळवलं जातं, आणि पैसे अजून वाटेतल्या खात्यात असतील तर तिथेच रोखले जातात. रात्र मध्ये गेली की पुष्कळदा काही उरत नाही. बँकेलाही लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक आपली नसेल, बँकेचीही नसेल, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. आपणच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. आमच्या घरांतून उशीर होतो तो माहिती नसल्याने कमी आणि घरच्यांच्या भीतीने जास्त. "यांना कळलं तर मारतील" म्हणून एका वहिनीने चार दिवस कुणाला सांगितलं नाही. घरातल्या पुरुष मंडळींनीही हा कार्यक्रम ऐकत असाल तर हे ऐका: त्या चार दिवसांत पैसे गेले ते तुमच्या रागाने.

मावशींच्या बाबतीत काय झालं ते विचाराल. पैसे देणारा मुलगा म्हणतो, मी रोख दिले. मावशी म्हणतात, नाही दिले. पावती नाही, मेसेज नाही. पहिल्यांदा शाखेत गेलो तेव्हा 'अंगठा त्यांचाच' हे उत्तर घेऊन परत आलो. दुसऱ्यांदा आम्ही पासबुकाच्या दोन्ही नोंदी, तारीख आणि दोन व्यवहारांमधला वेळ मांडून लेखी अर्ज केला. हजार आणि दीड हजार यांच्यात तीन मिनिटांचं अंतर आहे. अडीच हजार हवे असते तर बाई दोनदा अंगठा का लावेल, एवढंच अर्जात विचारलं आहे. आधारच्या संकेतस्थळावर आपलं आधार गेल्या सहा महिन्यांत कधी कधी वापरलं गेलं ते दिसतं. नवा नंबर जोडून झाल्यावर ती यादीही काढली आणि अर्जाला लावली. मावशींनी अर्ज दोनदा वाचून दाखवायला लावला. 'माझी' ऐवजी 'माझ्या मेहनतीची' लिहा म्हणाल्या, ते लिहिलं.

अर्ज शुक्रवारी द्यायचा आहे. खाली एका बाजूला निशाणी डावा अंगठा, मावशींचा. शाईचं पॅड पेटीच्या तळातून काढावं लागलं, सुकलं होतं, दोन थेंब पाणी घातलं. दुसऱ्या बाजूला साक्षीदार म्हणून आमच्या पाच जणींच्या सह्या आहेत, आणि पाचही जणी बँकेत सोबत येणार आहेत. गाडी सव्वानऊची आहे.